पाच दुकानचा भाव

प्रिय बाबा,

सप्रेम जय भीम. तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र धाकट्या मेघाच्या हाती देते आहे. फाडायचं असेल तर वाचून फाडा. एकाच शहरात माझ्या नंदनवनहून तुमचं जरीपटका काही दिल्ली नाही, पण मी दारात आले की तुम्ही आतल्या खोलीत जाऊन टीव्ही मोठा कराल, माहीत आहे मला. मेघाला नर्सिंगची सीट लागली, हे तिनंच सांगितलं. बाप्पा, काय नाचले मी पार्लरमध्ये, एकटीच! फीची तारीख जवळ आली अन् कर्जाचं काही जमेना, हेही तिनंच सांगितलं. त्यावर येतेच. आधी माझी गंमत ऐका.

पार्लरचं कर्ज, त्यावर क्रेडिट कार्ड, मग लॉकडाऊन अन् शेवटी तुमच्या दारात वसुलीवाले, हे सगळं तुम्हाला पाठ आहे. ज्या माणसानं जन्मात कोणाचा रुपया ठेवला नाही, त्याला अख्ख्या गल्लीसमोर ऐकून घ्यावं लागलं. "तू माह्यं नाव बुडवलं," म्हणालात. रागात म्हणालात, पण मला तेव्हापासून एकच कोडं पडलं, नाव बुडतं म्हणजे नेमकं कुठं बुडतं? तर अशी जागा खरंच आहे. कर्ज घेणाऱ्या प्रत्येकाच्या नावावर एक नंबर असतो, तीनशेपासून नऊशेपर्यंत. मी मोबाइलवर माझा पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो पाचशे चाळीस होता. दहावीच्या निकालाला रडले नव्हते तेवढी रडले.

बँकेतली दिपाली माझ्याकडे भुवया करायला येते. दोरा भुवईला लागला की बाई हलू शकत नाही, तेवढ्यात मी माझे प्रश्न उरकून घेते. तुमचा पगार किती, वस्ती कोणती, आडनाव काय, असलं काही तो नंबर पाहत नाही म्हणे. घेतलेलं तारखेवर परत केलं का, मुख्य म्हणजे एवढंच. मला हसूच आलं. आडनाव ऐकून चेहरा बदलणारे आपण आयुष्यभर पाहिले, अन् हा पठ्ठ्या आडनाव विचारतच नाही! मग मी हट्टालाच पेटले. दर महिन्याला तारखेच्या आधी हप्ता. नंबर मुंगीच्या पावलानं चढायला लागला.

मधेच एकदा घसरला. एक हप्ता चुकला नव्हता, मग काहून घसरला? दिपालीनं विचारलं, काय केलंस? म्हटलं, काही नाही, महागाचं कर्ज बदलून स्वस्ताचं मिळतं का म्हणून पाच ठिकाणी अर्ज टाकले. ती अर्ध्या भुवईनिशी उठून बसली! आता ही शिकवण कोणाची? तुमचीच. मंगळवारच्या भाजीबाजाराला मला घेऊन जायचात अन् बजावायचात, "पाच दुकानी भाव इचारल्याबिगर पिशवीचं तोंड उघडाचं नाही वं पोरी." कांद्याला ते चालतं, कर्जाला नाही. नुसतं तोंडी विचारलं तर काही बिघडत नाही. पण पॅन कार्ड देऊन अर्ज केला की दरवेळी नोंद होते, अन् थोड्या दिवसांत अशा फार नोंदी झाल्या की त्यांना वाटतं, ही पैशासाठी दारोदार फिरून राहिली. बाजारातला शहाणपणा तिथं पैशाची अडचण वाटतो. आहे की नाही गंमत?

मार्चमध्ये माझा शेवटचा हप्ता फिटला. आता नंबर सातशे बत्तीस आहे. मग मनात आलं, बाबांचा किती असेल? ज्यानं कधी कर्जच घेतलं नाही त्याचा तर नऊशे असेल! दिपाली म्हणाली, त्याचा नंबरच नसतो. त्यांना तुमच्याबद्दल काही माहीतच नाही. मला फार वाईट वाटलं, बाबा. कळमेश्वरच्या कारखान्यात उभा जन्म घातला, किराणावाल्याचीसुद्धा उधारी ठेवली नाही, अन् त्यांच्या लेखी तुम्ही कोणीच नाही.

आता हे पत्र काहून लिहिलं ते सांगते. मेघाच्या कर्जावर तिच्यासोबत सही करणाऱ्याचाही नंबर पाहतात, तुमची नोंदच नाही म्हणून पहिली बँक नाही म्हणाली, अन् तेव्हापासून तुम्ही मेघाला घेऊन बँका फिरता आहात. तीन ठिकाणी अर्ज झाले, सोमवारी चौथीकडे जाणार, असं ती म्हणाली. थांबा, बाबा. हा कांदा नाही. प्रत्येक अर्जाची नोंद तिच्या कोऱ्या नावावर होऊन राहिली. तिच्यासोबत सही मी करते. एकच अर्ज, दिपालीच्या बँकेत. बहिणीची सही चालते, मी विचारून घेतलं. उद्या हप्ता चुकला तर तिच्यासोबत माझंही नाव बुडेल, अन् बुडणं काय असतं ते मला पाठ आहे, म्हणून चुकू देणार नाही. तुम्ही सोमवारी फक्त सोबत या. माझ्याशी बोलू नका हवं तर, बाजूच्या खुर्चीवर बसा. पण साहेबानं विचारलं, ही कोण, तर माझी मोठी पोरगी आहे, एवढं तुमच्या तोंडून सांगा. सातशे बत्तीस मी माझे मिळवले. हे मात्र तुमच्याशिवाय कोणी देऊ शकत नाही.

तुमचीच,
भावना