आत्याचा लेख, बाबांची सभा

पेडणे, ५ ऑक्टोबर १९८६

ती. कमलाक्षीआत्यास,
शुभांगीचा शि. सा. नमस्कार. आम्ही सगळी बरी आहोत. तुझ्या खोकल्याचं खरं काय ते कळव.

तुझा लेख पोचला. नेहमीसारखा स्वच्छ अक्षरात उतरून म्हापशाच्या साप्ताहिकाला पाठवायचा म्हणून बसले, आणि हात थांबला. कोकणी राजभाषा व्हावी, असं तू सरळच लिहिलंयस. डिचोलीला पुढच्या महिन्यात मराठीसाठी सभा आहे आणि तिचे अध्यक्ष आपले बाबा आहेत, हे तुला ठाऊक नसणार. जन्मभर मराठी शाळा चालवल्याचा हा मान. आता सख्ख्या बहिणीचाच असा लेख आला तर लोक काय म्हणतील? शिवाय दर रविवारी देवळाच्या सोप्यावर साप्ताहिक मोठ्याने वाचतात ते बाबाच, आणि तुझं पान सगळ्यांत आधी.

सभा होईपर्यंत लेख ठेवून देऊ का? की तेवढं वाक्य गाळू? तुला विचारल्याशिवाय काना-मात्राही बदलणार नाही. बाबांना अजून सांगितलेलं नाही, म्हणून घास गोड लागत नाही.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी शुभांगी

लिस्बन, २३ ऑक्टोबर १९८६

चि. शुभांगीस,
अनेक आशीर्वाद. खोकला बरा आहे. तुझ्या भीतीला मात्र औषध दिसत नाही!

अगे, जुन्या राजवटीत इथे माझं प्रत्येक पान सरकारी माणसाच्या टेबलावर जायचं आणि निळ्या पेन्सिलीने खोडून परत यायचं. ती पेन्सिल तुझ्या हातात मला बघायची नाही. वाक्य राहू दे.

पण दादाला लोकांसमोर धक्का बसावा, हेही मला नको. लेख आधी त्याला वाचायला दे. परवानगी मागू नकोस, नुसता दे. मग म्हापशाला पाठव. पुढच्या वर्षी घरी यायचं मनात आहे. त्याने दार लावून घेतलं, तर पेडण्यात उतरू कुठे? हे लिहिताना मीही तुझ्याइतकीच घाबरले आहे.

आईला नमस्कार, तुला पुष्कळ माया.
आत्या

पेडणे, १९ नोव्हेंबर १९८६

ती. आत्यास,
शुभांगीचा नमस्कार, विनंती विशेष.

बाबांनी लेख वाचला, चष्मा पुसला आणि शाळेत गेले. त्यानंतर घरात बोलणं म्हणजे भात वाढण्यापुरतं. सांगितल्याप्रमाणे मी लेख पाठवला.

रविवारी मी आणि आई खांबाआड उभ्या होतो. मला वाटलं, बाबा तुझं पान उलटून पुढे जातील. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं, नेहमीच्याच खणखणीत आवाजात. शेजारचे धाकूकाका म्हणाले, की मास्तराली भयण थंय बसून पाव खाता आनी हांगा आमकां शिकयता. लिस्बनला बसून तू आम्हाला शिकवतेस म्हणून सगळे हसले. बाबा म्हणाले की ती चुकलीच आहे, पण पुरतं ऐकून न घेता तिला खोडणार कसं?

दुसऱ्याच दिवशी डिचोलीहून निरोप आला, अध्यक्ष दुसरे ठरले. तरी बाबा सभेला गेले. खाली सतरंजीवर बसले.

काल त्यांनी तुझ्या लेखाला उत्तर लिहिलं. ते उतरून पाठवायचं कामही माझंच. फार कडक आहे, आत्या. थोडं मवाळ करू का म्हणून विचारलं, तर माझ्यावरच ओरडले. मग चूळ भरायला उठले आणि जाता जाता म्हणाले, तिला लिही, टपालाने भांडायला फार दिवस लागतात, उरलेलं इथे येऊन भांड म्हणावं.

वाट पाहते. माया असू दे.
शुभांगी