यसूने सोडा मागितला नव्हता

११ नोव्हें., कोलोन
कार्निव्हल सुरू. ट्राममध्ये सकाळी सकाळी झिंगलेले जोकर. मी आपली थीसिस घेऊन मॉरिशसच्या जुन्या खटल्यात.
यसू. कोकणातून करारावर उसाच्या मळ्यात नेलेली. मुकादमाच्या डोक्यात कुदळ घातली म्हणून आरोपी. साक्षीदार सांगतो, मुकादमानं तिचा दंड धरला होता, ती ओरडत होती. काय ओरडत होती? इंग्रज कारकून लिहितो, "सोडा" मागत होती. म्हणजे दारुडी. म्हणजे सक्तमजुरी.
अरे मूर्खांनो, सोडा म्हणजे सोडा! हात सोडा! दुभाषा भोजपुरी, आणि गोऱ्याला तर फक्त बाटली आठवली.


१३ नोव्हें.
पुण्याला फोन. आईला सगळं सांगितलं. मग म्हणाली, "अगं, 'सोड' नाही म्हणाली ती. त्या मेल्यालासुद्धा अहोजाहो!"
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. संतापानं रडले.

१९ नोव्हें.
गाइड प्रो.ना थीसिसचं हे प्रकरण दाखवलं. "आल्झो, म्हणजे एका शब्दावर निकाल फिरवता? पुरावा कुठे आहे? तुम्ही स्वतःची भाषा त्या कागदात घुसवताय."
मी म्हटलं, कारकुनानं स्वतःची घुसवली ती चालते?
चष्मा पुसत बसले. म्हणाले, ते 'सोडा'चं पान काढा. स्कॉलरशिपची मुदतवाढ त्यांच्या शिफारशीवर, आणि व्हिसा स्कॉलरशिपवर. अडला हरी... पण मी नाही धरणार पाय.

२६ नोव्हें.
सेमिनार. ते पान वगळलं नाही. शेजारच्या लीनाला म्हटलं, माझा दंड धर, घट्ट. धरला. मी जीव खाऊन ओरडले, "सोडा!"
लीनानं चटका बसल्यासारखा हात काढून घेतला. मराठीचं अक्षर येत नाही तिला. बाटली आणायला कुणी उठलं नाही.
प्रो.: "हे नाटक झालं, पुरावा नव्हे."
मी म्हटलं, गेनाऊ, अगदी बरोबर. पण मजा आली.

३० नोव्हें.
प्रो.ची मेल. उद्यापर्यंत प्रकरण दुरुस्त करून पाठवा, नाहीतर शिफारस विसरा.
आई म्हणते, "पाठवून टाक गं, मोठ्या लोकांशी वैर नको." मग स्वतःच, "पण तिचं कोण बोलणार?"
दिवसभर ते पान वाचलं. एक दुरुस्ती खरंच राहिली होती. मूळ कागदात त्या शब्दापुढे नुसता पूर्णविराम आहे. आज मी माझ्या वाचनात उद्गारचिन्ह घातलं.
त्या पानासकट पाठवलं.