आईची अर्धी गोधडी धुतली, त्याची हकिकत

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा (अंगठ्याला पट्टी बांधलेली असूनही) वाकून नमस्कार. तुझी कंबर आणि दाजींचा आवाज, दोन्ही ताळ्यावर असतील अशी आशा आहे. भाचीला सातवा लागला ना? तिला जड काही उचलू देऊ नका.

आईची अर्धवट राहिलेली गोधडी भाचीच्या बाळासाठी तू पुरी करणार, हे वाचून डोळे भरून आले. पुढे ‘न धुता, आहे तशी पार्सलने पाठव, तुझा हात लागला की वस्तूचं वाटोळं होतं’ हे वाचून ते लगेच कोरडे झाले. म्हटलं, आता ही गोधडी धुणार आणि मीच धुणार!

आणि काय धुतली म्हणून सांगू! (मशीनमध्ये घातली नाही. मी इतकाही वाया गेलेलो नाही.) आधी प्रत्येक तुकड्यावर ओला पांढरा रुमाल दाबून रंग सुटतो का पाहिलं. तुझ्या शाळेच्या झग्याचा निळा तुकडासुद्धा इमानदार निघाला. उघड्या कडेतून आतले थर निसटू नयेत म्हणून कच्चे टाके घातले, तेव्हाच आईने खोचून ठेवलेली सुई सापडली (अंगठ्याला). ओली गोधडी नुसती कोपरे धरून उचलली की स्वतःच्या वजनाने टाके तोडते, म्हणून टबात खाली जुनी चादर अंथरली. सौम्य साबण, चोळणं नाही, पिळणं नाही. चादरीसकट बाहेर काढायला वरच्या मजल्यावरचे मास्तर मदतीला आले आणि पाय घसरून टबात बसले. गोधडी मात्र सुखरूप. ती आमच्या पलंगावर पसरून वाळली, तोवर आम्ही दोघं नवरा-बायको जमिनीवर झोपलो. आता बोल, कुणाचा हात वाईट?

तुझा (कर्तबगार) धाकटा

ता. क. : एक बारीकशी गोष्ट राहिली. उरलेल्या अर्ध्या भागावर टाक्यांसाठी आईने खडूने काढलेले गोल पाण्यात गेले. ते ती हातातली बांगडी ठेवून काढायची, आणि ती बांगडी आता तुझ्या हातात आहे. बांगडी पार्सलने पाठवू नकोस, हातासकट ये. आई गेल्यापासून तू या घरात पाऊल टाकलेलं नाहीस. मला तुझी फार आठवण येते.

पुन्हा ता. क. : ही म्हणते, खरं ते लिहा. धुण्याआधी हिने प्रत्येक गोलावर पांढऱ्या दोऱ्याने खुणा घालून ठेवल्या होत्या, त्यामुळे गोधडी उद्याच पार्सलने पाठवता आली असती. ते दोरे मी आज दुपारी एकेक करून उसवले. कधी येतेस?