विहिणींचा सामना

ता. ४ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेली बिस्किटं पोचली. वाटेत पार चुरा झाला होता, पण चमच्यानं खाल्ली. फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनानं रचतेस, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

रविवारी आमच्या खारूच्या होणाऱ्या सासूबाई आमच्याकडे येऊन गेल्या. जनावरांच्या डॉक्टर आहेत, हे तुला सांगितलंच आहे. मुलगा गोड आहे, बोलका आहे. कोणावर गेलाय देव जाणे. बाई संध्याकाळभर बसल्या आणि जेमतेम चार वाक्यं बोलल्या. त्यातलं एक आमच्या मांजराला उद्देशून होतं. मला शांतता सोसत नाही हे तुला ठाऊक आहे. मी पडद्याच्या कापडापासून गळक्या नळापर्यंत सगळं बोलून टाकलं. विषय संपले तेव्हा त्यांचा चष्मा मागून घेतला आणि सैल झालेली काडी बसवून दिली. चष्म्याच्या दुकानातली सवय, दुसरं काय! खारूनं डोळे वटारले. बाईंनी चष्मा चढवला, मान दोन्हीकडे वळवून पाहिली आणि आता घसरत नाही म्हणाल्या. हेच त्यांचं त्या दिवसाचं भाषण.

आता खरी गंमत ऐक. आमच्या क्लबाच्या वार्षिक स्क्वॉश स्पर्धेचा ड्रॉ परवा फळ्यावर लागला. दरवर्षी मी नवे बूट घेते आणि पहिल्याच सामन्यात गारद होते, त्यावरून तू मला चिडवतेस. पण यंदा पन्नाशीपुढच्या बायकांच्या गटात आम्ही चौघीच आहोत. आमची कायमची विजेती मुलाकडे परदेशी गेलीय. म्हणजे एक सामना मारला की मी थेट फायनलला! फळ्यावर बोट फिरवत माझं नाव शोधलं, आणि त्याच्या समोरचं नाव वाचून बोट तिथंच चिकटलं. शेजारच्या शहरातल्या क्लबाकडून आपल्या विहीणबाई!

बाई खेळतात हे बोलल्या नाहीत. आणि नळाबद्दल एवढं बोलणारी मी, मीही बोलले नाही. या वयात अर्ध्या चड्डीत धावते हे कळलं तर काय वाटेल, म्हणून गप्प बसले होते. खारू म्हणते, आई, हरून टाक. हे म्हणतात, मी यात पडत नाही. तू काय म्हणतेस?

लोभ आहेच, यंदा तरी मी जिंकावं असा नवस मात्र जोडीला असू दे.

तुझी
धाकटी

---

ता. ९ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

स्क्वॉश म्हणजे चार भिंतींत स्वतःला कोंडून घ्यायचं आणि समोरच्या भिंतीला बडवत राहायचं, एवढंच मला कळतं. संसार केलेल्या कुठल्याही बाईला इतपत समजतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. मुद्दाम हरलेलं समोरच्याला कळतं. लहानपणी कॅरम खेळताना बाबा तुला जिंकू द्यायचे, तेव्हा तू सोंगट्या घरभर उधळायचीस आणि जेवायची नाहीस. त्या बाई चार वाक्यं बोलत असतील, पण डोळे तर आहेत ना त्यांना? तेही तू नीट करून दिलेल्या चष्म्यामागे.

जीव तोडून खेळ. जिंकलीस तर किंचाळू नकोस, एवढं मात्र पाहा. तुझी किंकाळी मला फोनवरसुद्धा पूर्ण ऐकू येते.

बेकरीत नवा ओव्हन आलाय, माझ्यापेक्षा लहरी आहे. बाकी क्षेम. आशीर्वाद जुनेच, पण ताजे भाजून पाठवते आहे.

ताई

---

ता. १२ ऑक्टोबर

ती. सौ. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तू आईला काय लिहिलंस? ती पहाटे उठून दोरीवरच्या उड्या मारते आहे. खालच्या मजल्यावरचे आजोबा विचारायला आले की घरात काही पडतंय का.

मावशी, मला त्या घरात जन्म काढायचाय गं. त्यांच्याकडे गेले की मी जीव मुठीत धरून बसते. काय आवडतं, काय खटकतं, काही म्हणजे काही कळत नाही. मागच्या खेपेला त्यांनी सूप केलं होतं, अगदी अळणी. मी छान झालंय म्हणून पुन्हा मागून घेतलं, तर त्यांनी वाडगा काठोकाठ भरला. अशा बाईंना माझ्या आईनं सगळ्यांदेखत हरवलं आणि वर आरोळी ठोकली, तर मी तोंड कुठं लपवू? हा म्हणतो, माझी आई तशीच आहे, काळजी करू नकोस. त्याला काय जातंय सांगायला!

एक ओळ आईला लिही. तुझं ती ऐकते. निदान थोडक्यात हर म्हणावं.

तुझी, आणि सध्या पुरती गांगरलेली,
खारू

---

ता. १६ ऑक्टोबर

चि. खारूस,
अ. उ. आ.

लिहिणार नाही. थोडक्यात हरणं तुझ्या आईला जमत नाही. ती हरली तरी भरघोस हरते.

आणि बाई, जीभ तुझ्याही तोंडात आहे. मीठ मागितल्यानं कुठं लग्न मोडल्याचं मी ऐकलं नाही, आणि माझ्या बेकरीत सगळ्या गावाच्या बातम्या येतात. सामना बघायला जा आणि बरोबर काहीतरी खायला ने.

आशीर्वादात कसूर नाही.

मावशी

---

ता. २४ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डाव्या हातानं लिहिते आहे, अक्षर लावून घे. उजवं मनगट सुजलंय; का ते पुढं येईल.

शुक्रवारी संध्याकाळी क्लबात सगळे जमले. गुडघ्यांना पट्ट्या, मलमाचा वास, आणि गेल्या वर्षी कोणाचा चेंडू आत होता यावरून तीच ती भांडणं. कुलपं बनवणारे आमचे पंचकाका दरवर्षीप्रमाणे नियम वाचत होते आणि दरवर्षीप्रमाणे कोणी ऐकत नव्हतं. विहीणबाई माझ्याच शेजारी येऊन बसल्या. मी उद्या भेटू म्हणाले, त्या हो म्हणाल्या. झालं.

शनिवारी सकाळी कोर्टात उतरलो. मागच्या काचेपलीकडच्या पायऱ्यांवर खारू आणि जावईबापू. दोघं तराजूत तोलल्यासारख्या टाळ्या वाजवत होते, एक हिला, एक तिला. तुझं पत्र माझ्या डोक्यात होतं, शपथ. पण बाईंनी तो चष्मा दोरीनं डोक्याला बांधला, खारूकडे एकदा पाहिलं, आणि माझा हातच ढिला पडला. मुद्दाम नाही गं, पण चेंडू पाहुण्यांना वाढल्यासारखे अलगद त्यांच्या पुढ्यात पडू लागले. पहिला गेम त्यांनी सहज घेतला.

मधल्या वेळात मी पाणी पीत होते, तेव्हा बाई जवळ आल्या. हळूच विचारलं की माझा हात दुखतोय का. मी नाही म्हणाले. मग त्या जे बोलल्या, ते मी जन्मात विसरणार नाही. म्हणाल्या की जनावराला दुखलं की ते लाथ मारतं, म्हणून कुठं दुखतं ते कळतं. माणसं नुसती हसतात. खारूही त्यांच्याकडे अशीच हसत बसते, नको असलेलं सूप मागून घेते, आणि बाईंना रात्र रात्र काळजी वाटते की या मुलीला आपल्या घरात काय खुपतंय हे कधी कळणारच नाही. निदान तिच्या आईनं तरी त्यांच्याशी खरं खेळावं, एवढंच मागणं आहे म्हणाल्या.

ताई, मला बोलायला शब्द सुचला नाही. मला!

मग मात्र मी पदर खोचला, म्हणजे चड्डीच होती पण समजून घे. दुसरा गेम माझा, तिसरा माझा. चौथ्यात बाईंनी असे काही सरळ भिंतीलगतचे फटके मारले की मी पळून पळून अर्धी झाले. एकदा मी घसरून बदकन बसले, तर त्या चक्क खदखदून हसल्या आणि हात देऊन उठवलं. चौथा त्यांचा. पाचवा नऊ-नऊवर आला; आधी अकरा करील ती जिंकणार. पायऱ्यांवर आता मुंगी शिरायला जागा नव्हती, आणि खारूच्या टाळ्यांचा तराजू कधीच मोडला होता. ती नखं खात होती. एक गुण मी मिळवला. मग बाईंनी पुढच्या कोपऱ्यात इतका नाजूक चेंडू टाकला की पंचकाकांनी गुण लिहायला पेन्सिलसुद्धा टेकवली. ब्रेड करपल्याचा वास आल्यावर तू जशी धावतेस, तशी मी धावले. चेंडू जमिनीवरून खरवडून काढला, तो समोरच्या भिंतीला लागून बाजूची भिंत आणि जमिनीच्या सांध्यात शिरला आणि लोळत गेला. जिंकले!

किंचाळले. माफ कर. पंचकाका दचकून खुर्चीवरून उठले. खारूनं तोंड झाकून घेतलं. बाईंनी माझा हात हातात घेऊन असा दाबला की काय सांगू. वासरं ओढून काढणारा हात तो. मनगट तिथंच कामातून गेलं.

रात्रीच्या जेवणाला सगळे बेसूर गात होते. बाई टेबलाटेबलावर जाऊन एकेकाचा गुडघा तपासत होत्या. पंचकाकांचा खांदा घोड्याचा चाचपावा तसा चाचपला आणि बरा आहे म्हणून पाठीवर थाप मारली. काका भलतेच खूश.

रविवारी फायनल. समोर शाळेत गणित शिकवणारी, जिला सगळे मुंगूस म्हणतात. माझे पाय लाकडाचे, मनगट भोपळ्याएवढं. तिन्ही गेम सरळ हरले, तू म्हणतेस तशी भरघोस. पण काचेपलीकडून कोणीतरी जीव खाऊन ओरडत होतं की मागे जा, भिंतीला धरून मार, उभी काय राहतेस. मी वळून पाहिलं, तर विहीणबाई! सगळ्या क्लबासमोर मला अगं-तुगं करत होत्या. शेवटचा गुण गेला तेव्हा मी हसत होते, आणि मुंगुसाला वाटलं मला चक्कर आली.

दुसऱ्या नंबरची एक छोटी ताटली मिळालीय. दुकानात लावलीय. गिऱ्हाइकांची नजर तपासायला तीच वाचायला लावते.

लोभ होताच, आता उपविजेतीवर शोभेल एवढा वाढवावा.

तुझी
धाकटी

---

ता. ५ नोव्हेंबर

आदरणीय ताईंना,
स. न. वि. वि.

आपली भेट नाही. पत्ता धाकटीकडून घेतला. बोलण्यापेक्षा लिहिणं मला बरं जमतं. मुलाचे वडील लवकर गेले. घरी मुलगा बोलतो, मी ऐकते, आणि दवाखान्यात पेशंट बोलतच नाहीत. त्यामुळे सवय मोडली.

परवा खारूला गाडीतून गोठ्यावर नेलं. निम्म्या वाटेत तिनं खिडकी खाली केली आणि म्हणाली की गाडीला औषधांचा भयंकर वास येतो. मी माझ्याही बाजूची काच खाली केली. मग तिनं दाराची कडी घट्ट धरली आणि म्हणाली की शिवाय मी गाडी फार वाईट चालवते, तिचा जीव जातो. मी गाडी बाजूला घेतली. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटतं, तिला वाटलं लग्न मोडलं. मला मात्र हसू आवरेना. इतके महिने घरी पाहुणी येणार म्हणून मी धास्तावले होते. आता घरचं माणूस येतंय. मी उतरून पलीकडे गेले आणि किल्ली तिच्या हातात दिली.

लग्नाला आपण आठवडाभर आधी या आणि माझ्याकडे उतरा. धाकटीला राग येईल, येऊ दे. तिला कसं हरवायचं ते आता मला कळलंय. स्टेशनवर आम्ही घ्यायला येऊ. गाडी खारू चालवेल, तेव्हा निर्धास्त असा.

ओळख नवी आहे, लोभ जुना असल्यासारखा करावा, ही विनंती.

आपली
विहीण