शास्त्रीबुवांची राखण

४ ऑगस्ट

कुत्रा गाडीत चढत नाही! दोन तास झाले. उकडलेलं अंडं झालं, तूप-पोळी झाली, शेवटी हात जोडले. तो आपला पायरीशी बसून माझ्याकडे पाहतोय – 'पाठांतर झालं का?' अशा नजरेने. वाईच्या पाठशाळेतले आमचे शास्त्रीबुवा अगदी असेच पाहत. नाव तेच ठेवलं.

काल खिंडीच्या वर, जंगलरस्त्याच्या कडेला एकटाच उभा दिसला; रात्री मीही तिथेच थांबले. पांढरा, अस्वलाएवढा. गळ्यात पट्टा नाही, अंगभर गोखरू, पोट खपाटीला. दहा मैलांत माणूस नाही. धूर दिसला की अग्नीचं अनुमान करावं, हे मला शिकवलं होतं. मळका कुत्रा दिसला की तो बेवारशी – हे अनुमान माझं स्वतःचं.

तिसऱ्या पोळीला चढला!

६ ऑगस्ट

विलो क्रीक, गाड्यांच्या मुक्कामाचा तळ. मी माझी घरवजा गाडी मागे घ्यायला लागले तशा सगळ्यांनी खुर्च्या माझ्याकडे वळवल्या. या डोंगरात दुसरी करमणूक नाही. तळावर देखरेख वर्नाबाईंची – वय चौऱ्याहत्तर, उन्हाळाभर संडास धुवायचे आणि त्या बदल्यात आपली गाडी फुकट उभी करायची. पहिलंच वर्ष, फ्लोरिडाहून आल्यात. पण आवाज जन्मापासून इथलाच असल्यासारखा.

"डावीकडे! अगं, तुझं डावं! – त्या झाडाने तुझं काय घोडं मारलंय?"

संध्याकाळी शास्त्रीबुवांना आंघोळ. लव्हेंडरचा शॅम्पू, आख्खी बाटली. टाकीतलं निम्मं पाणी संपलं. सोवळं मोडल्यासारखा चेहरा करून त्यांनी ते सहन केलं. वर्नाबाई म्हणाल्या, "कुत्रा आहे की रजई?"

९ ऑगस्ट

नऊ हजार फूट. काळं जाड जाकीट, आल्याचा चहा, समोरच्या कड्यावर बर्फाची उरलेली चिंधी. फोनला रेंज नाही. स्वर्गात याहून काय वेगळं असणार? फार तर संडासाची टाकी कुणीतरी दुसरं रिकामी करत असेल.

११ ऑगस्ट

टेकडी चढून हेमंतला फोन. त्याला बॉइसीतल्या घरची गादी सोडवत नाही, मला डोंगर. "तू फिर, मी इथून काळजी करतो" – सत्तावीस वर्षांच्या संसारातली ही वाटणी. कुत्र्याचं ऐकून म्हणाला, "मुळीच आणू नकोस. केस गळतील." पाच मिनिटांनी त्याचाच फोन! "त्याच्यासाठी बिछाना मागवलाय. माझ्यापेक्षा मोठा आहे."

शास्त्रीबुवा गाडीत झोपत नाहीत. तिन्हीसांजेला गाडीभोवती दोन प्रदक्षिणा, मग चाकाशी आडवे. मी ओढ्याकडे निघाले की आडवे उभे राहतात, खांद्याने ढकलत परत आणतात. सकाळी माझे कान चाटतात – दोन्ही, क्रमाने. पन्नाशीनंतर कुणी आपल्याकडे इतकं लक्ष देईल असं वाटलं नव्हतं. याला आता मी कुणाला देणार नाही!

१३ ऑगस्ट

संडासाशेजारच्या फळ्यावर नवा कागद. त्यावर पांढऱ्या कुत्र्याचा फोटो. खाली लिहिलंय – 'मी हरवलेलो नाही. मी कामावर आहे. मला घरी नेऊ नका.'

दोनदा वाचलं. फोटोत शास्त्रीबुवा. मागे मेंढ्या.

वर्नाबाई बादली घेऊन शेजारी उभ्या. "जंगलखात्याचा रेंजर लावून गेला. वरच्या पठारावर फाउस्तिनो म्हणून मेंढपाळ आहे, त्याचा राखणीचा कुत्रा. तो नाहीसा झाल्यापासून कोल्ह्यांनी पाच कोकरं नेली म्हणे." मग हळूच – "सकाळी माझे डोळे नीट उघडत नाहीत. दुपारपर्यंत मला कुणाची गाडी गेलेली दिसत नाही."

बाई चांगल्या आहेत. फार चांगल्या आहेत!

१४ ऑगस्ट

गेले नाही. ना पळून, ना पठारावर. कारण – आभाळ भरून आलं होतं. (आलं नव्हतं.)

१५ ऑगस्ट

गेले.

अकरा मैल खडबडीत रस्ता. कपाटातली सगळी भांडी बोलत होती. शास्त्रीबुवा खिडकीला नाक लावून थरथरत होते. वर पठारभर हजार मेंढ्या, आणि फाउस्तिनोची चाकांवरची गोल छपराची खोली – माझ्या गाडीची पणजी शोभावी अशी. माणूस पेरू देशाचा, पन्नाशीचा, टोपीखाली सगळ्या सुरकुत्या.

मी घडाघडा कबुली दिली. त्याने कुत्र्याच्या मानेत नाक खुपसलं.

"हे काय लावलंय? लग्न ठरलंय का याचं?"

"चोरायचा नव्हता हो. बेवारशी वाटला."

"चोर आंघोळ घालत नाहीत, बाई. अस्वलामागे धावला आणि कळप पुढे गेला, एवढंच. – जा, ओसो!"

ओसो – हे त्यांचं खरं नाव! शास्त्रीबुवा कळपाकडे धावले. आणि कळप पळाला! लव्हेंडरचा वास येताच हजार मेंढ्या दुसऱ्या टोकाला. फाउस्तिनो हसता हसता खाली बसला. मग आम्ही दोघांनी मिळून, लेंड्या आणि चिखल कालवून, शास्त्रीबुवांना पुन्हा मळकं केलं. माझ्या आयुष्यातलं सर्वांत मनापासून केलेलं प्रायश्चित्त.

पाच कोकरांबद्दल माफी मागितली.

"माझी कशाला? त्यांच्या आया तिकडे आहेत."

मी खरंच तिकडे पाहिलं. बराच वेळ.

त्याने बटाटे घातलेलं मटणाचं सूप वाढलं, मी पोळ्या. मी शास्त्रीबुवांच्या सवयी सांगत बसले.

"कान चाटतो?" फाउस्तिनोने चमचा खाली ठेवला. "कोकरांचे चाटतो तसे."

"ओढ्याकडे जाऊ देत नाही."

"त्यांनाही देत नाही."

"गाडीभोवती फेऱ्या –"

त्याने मानेनेच कळपाकडे खूण केली. मी त्याला आणखी एक पोळी वाढली.

हजार मेंढ्या रोज कोण मोजणार? तर शंभरात एक काळी ठेवायची. संध्याकाळी दहा काळ्या दिसल्या की कळप पुरा. आज दहा दिसल्या. शास्त्रीबुवा लांब, त्यांच्यात. एकदाही वळून पाहिलं नाही. बरोबरच आहे. सकाळी निघते.

१६ ऑगस्ट

दार उघडेना. बाहेरून लोकर रेटत होती! गाडीच्या चारी बाजूंना मेंढ्या, आणि पायरीशी शास्त्रीबुवा – मळके, तृप्त. दोन ठिकाणी राखण जमेना. मग ते इथे येऊन बसले आणि कळप त्यांच्यामागे आला.

फाउस्तिनो घोड्यावरून काळ्या मोजत आला. "...नऊ, दहा." मी काळ्या जाकिटात, अर्ध्या उघड्या दारात. त्याने बोट माझ्याकडे वळवलं.

"अकरा."

हेमंतला कळवायचं – बिछाना परत कर. कळप सप्टेंबरअखेर उतरतो; मीही तेव्हाच.