उंब्रजच्या बाजारात जिवंत जंतू

उंब्रज, मे १९७६

तीर्थरूप दाजींस हंबीररावचा साष्टांग नमस्कार. आपला गुडघा जिना चढू देतो की अजून रुसलेलाच आहे? इकडे सर्व ठीक. पलटणीतून आल्यापासून मी रिकामाच आहे, असा आपला समज असेल तर तो काढून टाकावा. मी सध्या जिवंत जंतू विकतो.

हसू नये. भुईमुगाच्या मुळाशी राहून हवेतला नत्र पिकाला भरवणारे हे जंतू. सरकारी प्रयोगशाळेतल्या डॉक्टरसाहेबांनी केस पिकेपर्यंत खपून ते काळ्या भुकटीत जगवले. (बियाण्याला गुळाच्या पाण्यातून चोळायचे. जंतूंनाही गोड लागते!) साहेब म्हणाले, "हवालदार, सरकारला शोध लावता येतो, विकता येत नाही. ही पाकिटं खपली तर कारखानदार पुढं येतील, नाहीतर माझं काम कपाटातच राहील." मी सॅल्यूट ठोकला.

बाजारात "जिवंत जंतू घ्या" अशी आरोळी दिली आणि निम्मा बाजार लांब सरकला. शेजारची भाजीवाली चंद्राबाई पाटी उचलून म्हणाली, "आवं, देवीची लस आत्ता कुठं टोचून घेतलीया, आनि ह्यो कसला रोग आनलासा?" एकाने पाकीट कानाला लावले आणि "गप हाईत" म्हणून परत दिले.

शेवटी माणदेशाकडचा धुळा धनगर पुढे आला. "पर करत्यात काय ती?" "हवा खाऊन झाडाला पोसतात," मी म्हणालो; त्याला पटेना. ओल्या पोत्यात साहेबांच्या प्लॉटातला भुईमुगाचा एक वेल होता. त्याच्या मुळावरची मोहरीएवढी गाठ मी नखाने फोडली. आत लालभडक! धुळ्याने डोक्यावरचा पटका काढला. "झाडाला रगात हाय रं गड्या! हवा खाऊन धनी पोसत्यात व्हय ही?"

दाजी, लढाईत मी रक्त पुष्कळ पाहिले, पण मातीखाली निमूट राबणारे ते बघून अंगावर काटा आला. सगळी माणसे देवळात उभी राहावीत तशी उभी. मग पाकिटे संपली. चंद्राबाईनेही नेले. धुळ्याने तर आपले पाकीट पटक्यात गुंडाळून, कोकरू न्यावे तसे छातीशी धरून नेले.

साहेबांना सांगितले, तर ते चष्मा पुसत पुन्हापुन्हा एवढेच विचारत होते, "विकत घेतली? खरंच विकत?"

आक्कास नमस्कार.

आपला,
हंबीरराव

ता. क. – साहेबांनी आता मोठी खेप दिली आहे. उन्हात जंतू मरतात. सबंध गोतावळ्यात फ्रिज सांगलीला आपल्याच घरी. त्यात थोडी जागा हवी. थोडी म्हणजे सगळी.

ता. क. दुसरा – आपल्या होकाराची वाट बघण्याइतका जंतूंना दम नाही. हे पत्र घेऊन आलेल्या माणसाच्या डोक्यावरची पेटी आधी उतरून घ्यावी. आक्काने विचारले तर मसाला म्हणावे. पण आमटीत मात्र घालू देऊ नये.