अप्पा, गाडी मी चालवते

हॅनोव्हर, जर्मनी
१८ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप अप्पांना,
शिवप्रियाचा शरणार्थ.

मी खुशाल आहे. थंडी सुरू झालीय, पण खोली ऊबदार आहे. तुमचा गुडघा कसा आहे? तूर फवारायला गौरीशंकरदादाला एकट्यालाच जाऊ द्या.

अप्पा, काल मी अठरा मीटरची बस एकटीनं चालवली! दोन डबे जोडलेली, वळताना मधून वाकणारी. सकाळी सहाला डेपोतून काढताना आरसे तीन-तीनदा तपासले. तिसऱ्या थांब्यापर्यंत भीती विसरले. शाळेची पोरं, कामाला निघालेली माणसं, सगळी माझ्या भरवशावर बसलेली. एक आजी उतरताना म्हणाल्या, "पोरी, आज माझी कॉफी सांडली नाही." मला लई हसू आलं.

तुम्ही विचाराल, नर्स बस कशी चालवते.

मी फेब्रुवारीपासून दवाखान्यात नाही. भाषेच्या परीक्षेत दोनदा नापास झाले, नोकरी गेली. दिवाळीला पाठवलेला पांढऱ्या कपड्यांतला फोटो मागच्या वर्षीचा. तुम्ही तो जळकोटच्या स्टँडवर सगळ्यांना दाखवला, असं वहिनी म्हणाली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

काही दिवस हॉटेलात भांडी घासली. मग बस कंपनीची जाहिरात दिसली, शिकवू आणि पगारही देऊ अशी. कागदपत्रं सगळी रीतसर आहेत, काळजी नको.

शिकवणाऱ्या बाई फार कडक. जोडबस मागं घ्यायला लावली. माझ्याबरोबर शिकणारे चौघं चुकले, माझी एका दमात जागेवर बसली.

"हे कुठं शिकलीस?"

"वडिलांकडं. उसाची ट्रॉली मागं घेताना."

"चांगलं शिकवलंय त्यांनी," एवढंच म्हणून त्यांनी वहीत खूण केली. बाहेर येऊन मी रडले.

सोळाव्या वर्षी तुम्हीच मला ट्रॅक्टरवर बसवलंत. पुढं पाहुणे बघायला यायला लागले आणि तुम्ही किल्ली खिशात ठेवायला लागलात. मी ट्रॅक्टर सोडला. नर्सिंगही तुम्ही म्हणालात म्हणून केलं. खरं सांगते, मला तेव्हाही गाडीच चालवायची होती.

फोनवर हे बोलायचं धाडस झालं नाही. गावात कुणी विचारलं, लेक काय करते, तर तुम्ही खरं सांगाल का? जमलं नाही तर मी आल्यावर सांगेन. पण यापुढं लपवणार नाही.

रागावलात तरी रविवारी फोन उचला.

तुमच्याच हाताखाली शिकलेली,
शिवप्रिया